ऑपरेशनआधीचे दिवस : व्यायामाचे आणि पगाराचे

आजचा विषय आपल्या शिरूर-दौंडच्या घराघरांतला आहे. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांत आपली माणसं पाळीनं कामाला जातात. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत, दौंडला रेल्वे आहे, भीमा आणि घोड नदीच्या काठानं उसाचा पट्टा आहे, केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत. जिथं एवढं कष्टाचं काम, तिथं दुखापती होणारच. कुणाचा पाय मशीनपाशी सांडलेल्या तेलावरून घसरतो, कुणी ट्रॉलीवरून उडी मारताना गुडघ्यात मुरगळतो, ओझं उचलताना कुणाच्या खांद्याचा स्नायू फाटतो.

मग मोठ्या दवाखान्यात तपासणी होते, एमआरआय होतो आणि डॉक्टर सांगतात, "गुडघ्यातला लिगामेंट तुटलाय. ऑपरेशनचं बघू, पण लगेच नको. सहा आठवडे फिजिओथेरपिस्टकडे जाऊन व्यायाम करा, मग या."

घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, "ऑपरेशन झाल्यावर व्यायाम असतो हे ऐकलंय, आधी कसला व्यायाम? दुखतंय त्यालाच आणखी दुखवायचं?" दुसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो. हे सहा आठवडे घर कशावर चालवायचं?

पहिल्या प्रश्नाचा इतिहास दवाखान्यांचा आहे, दुसऱ्याचा कामगारांचा. पुस्तकांत हे दोन इतिहास वेगवेगळे लिहिलेले असतात. जखमी माणसाच्या घरात मात्र ते एकाच पलंगाशी येऊन बसतात. म्हणून आज आम्ही ते एकत्र सांगणार आहोत.

पडून राहा, बरं वाटेल

लागलं की पडून राहायचं, ही समजूत फक्त आपल्या खेड्यांतली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात ह्यू ओवेन थॉमस नावाचे हाडांचे डॉक्टर होते. मोडलेलं हाड आणि सुजलेला सांधा जराही न हलवता पुरेशी विश्रांती द्या, असं ते आग्रहानं सांगत. त्यांनी तयार केलेली पायाची लोखंडी चौकट 'थॉमस स्प्लिंट' या नावानं आजही दवाखान्यात ऐकायला मिळते. त्या काळात थॉमस यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जंतू मारणारी औषधं नव्हती, सांध्यांचा क्षयरोग पसरलेला होता. हाड हललं तर जुळायचं नाही आणि जखम चिघळायची.

पण हाडासाठी खरं असलेलं स्नायूंसाठी खरं असतंच असं नाही. हाडाला काही आठवडे स्थिर राहावं लागतं. स्नायू मात्र न वापरता तेवढेच आठवडे राहिला, तर बारीक होतो. प्लास्टर काढल्यावर एक पाय दुसऱ्यापेक्षा काटकुळा झालेला आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. 'पडून राहा' हा सल्ला हाडापुरता न राहता सगळ्याच दुखापतींना लागू झाला आणि त्याची किंमत कष्टकऱ्यांनी मोजली. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचं बारीक मांडीवर भागतं. पोती वाहणाऱ्याचं भागत नाही.

आपल्याकडच्या तालमीला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. जत्रेतल्या कुस्तीच्या दिवशी कुणी ताकद कमवत नाही. ती आधी कित्येक महिने जोर-बैठका काढून कमवावी लागते. आखाड्यात उतरायच्या आधीच निम्मी कुस्ती ठरलेली असते. दवाखान्यांना हे कळायला मात्र दोन महायुद्धं लागली.

युद्धाच्या दवाखान्यांतून

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिक इतके झाले, की दवाखान्यांत खाटा पुरेनात. अमेरिकेत शिकागोच्या लष्करी दवाखान्यात थॉमस डीलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. गुडघा आणि मांडी दुखावलेले सैनिक महिनोन्‌महिने तिथं पडून असत. हलका व्यायाम द्यायचा, जपायचं, अशी रीत होती. डीलॉर्म यांनी उलटं केलं. त्यांनी पायाला वजन बांधून व्यायाम दिला आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत नेलं. सैनिक लवकर उभे राहू लागले. 1945 मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. आज फिजिओथेरपिस्ट पायाला वाळूची पिशवी किंवा रबरी पट्टा बांधून मोजून व्यायाम करायला सांगतात, ती पद्धत डीलॉर्म यांच्या त्या कामावरच उभी आहे.

त्याच सुमाराला ब्रिटिश सैन्यानं अंगानं कमी पडणाऱ्या नव्या भरतीच्या मुलांना आधी काही आठवडे चांगलं खाणं आणि व्यायाम देऊन पाहिला. बहुतेकांची तब्येत सुधारली. 1946 मध्ये याविषयी लिहिताना 'प्रीहॅबिलिटेशन' हा शब्द वापरला गेला. अपघातानंतर माणसाला पुन्हा उभं करणं म्हणजे पुनर्वसन. हे त्याच्या आधीचं, म्हणून आपण त्याला 'पूर्वतयारी' म्हणू. पुढं हाच विचार ऑपरेशनला लागू झाला.

आपलं पुणंही या इतिहासात आहे. युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी 1944 साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. ते आजही चालू आहे. नवा पाय बसवायच्या आधी उरलेल्या मांडीचे आणि कमरेचे स्नायू बळकट करावे लागतात, नाहीतर चांगला पायही चालवता येत नाही. पूर्वतयारीशिवाय पुढचं काम होत नाही, हे अशा केंद्रात रोज दिसतं.

एका आईनं उघडलेला दवाखाना

सैनिकांसाठीचे उपचार सामान्य माणसांपर्यंत यायला मात्र एका आईचे कष्ट कारणी लागले. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला होता. व्यायामानं आणि मालिशीनं आपली मुलगी सुधारते आहे हे पाहिल्यावर त्यांनी 1947 मध्ये मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. व्यायामाचा उपचार शिकवणारे लोकच त्या वेळी आपल्या देशात जवळजवळ नव्हते. 1950 नंतरच्या वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं आणि 1955 मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. आज तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीची पाटी दिसते, तिच्या मागं हा सगळा प्रवास आहे.

आधी व्यायाम कशाला?

आता सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. गुडघ्याला मार लागला की सांधा सुजतो. सूज आली की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूला आवरून धरतं, कारण त्याला सांधा जपायचा असतो. माणसाला वाटतं पाय दुखतोय म्हणून उचलत नाही. खरं तर स्नायूला हुकूमच कमी मिळत असतो. थोड्या आठवड्यांत मांडी बारीक होते. त्यात ऑपरेशन झालं की ती आणखी बारीक होते.

आपल्या बचत गटाच्या भाषेत सांगायचं तर ऑपरेशन हा ताकदीचा मोठा खर्च आहे. रिकाम्या खात्यातून तो खर्च केला, तर पुढची दोन वर्षं फेडण्यात जातात. आधी थोडी थोडी शिल्लक टाकली, तर खर्च सोसतो.

हे नुसतं बोलणं नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या 60 जणांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला. ऑपरेशनच्या आधीच ज्यांच्या दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त कमी होती, ते दोन वर्षांनंतरही मागंच राहिलेले दिसले.

2010 मध्ये स्वीडनमधला अभ्यास आला. लिगामेंट तुटलेल्या 121 तरुणांचे दोन गट केले. एका गटाला व्यायाम आणि लगेच ऑपरेशन. दुसऱ्या गटाला आधी व्यायाम, आणि गरज वाटली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची तब्येत सारखीच निघाली. दुसऱ्या गटात 59 जण होते, त्यांतल्या 36 जणांना तोवर ऑपरेशनची गरजच पडली नव्हती.

यावरून प्रत्येकाचं ऑपरेशन टळेल असं कुणी समजू नका. हाड मोडून सरकलं असेल, गुडघा एकाच जागी अडकून बसला असेल, जखम उघडी असेल, बोटं काळी-निळी किंवा बधिर पडली असतील, तर थांबायचं नाही. अशा वेळी तासांचा प्रश्न असतो. थांबायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतात. पण त्यांनी थांबायला सांगितलं असेल, तर ते दिवस वाया घालवायचे नसतात.

गुडघ्यासाठी सुरुवातीचा व्यायाम साधा असतो. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून ती खाली दाबायची आणि पाच मोजायचे. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग टाच जमिनीवरून सरकवत गुडघा वाकवायचा आणि पुन्हा पूर्ण सरळ करायचा. गुडघा पूर्ण सरळ होणं फार महत्त्वाचं, कारण ऑपरेशनच्या आधी तो अखडलेला राहिला तर नंतरही अखडू शकतो. कुणी किती वेळा करायचं ते फिजिओथेरपिस्टनं तपासून सांगायचं असतं. शेजाऱ्याला दिलेला कागद आपल्याला चालत नाही. व्यायामानंतर सूज वाढली, दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला, पोटरी सुजून गरम लागली, तर थांबून दाखवायचं.

व्यायामासोबत ताटाकडंही बघायला हवं. स्नायू डाळ, अंडी, दूध, मटकी, शेंगदाणे यांतून बनतो. रक्त कमी असेल तर ऑपरेशनच्या आधीच तपासून औषध सुरू करावं. तंबाखूमुळं जखम भरायला वेळ लागतो आणि यात बिडी आली, गुटखा आला, तशी आपली मिसरीही आली.

वेळ कुणाच्या खिशातून?

सहा आठवडे व्यायाम करायला पैसा थोडा लागतो, पण वेळ लागतो. मजुराचा वेळ म्हणजेच त्याचा पैसा. म्हणून आता दुसरा इतिहास.

1884 सालचा सप्टेंबर महिना. मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. बोलावणारे होते महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात आठवड्याची सुट्टी मागितली होती, दुपारी अर्धा तास विसावा मागितला होता, पगार वेळेवर द्या म्हटलं होतं. आणखी एक मागणी होती, ती आज फारशी कुणाला आठवत नाही. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

'बरा होईपर्यंत' या दोन शब्दांकडं लक्ष द्या. फिजिओथेरपी हा शब्द त्या कामगारांना माहीत नव्हता. पण अर्धवट बऱ्या झालेल्या हातानं मशीनवर उभं राहावं लागलं की काय होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. त्या वर्षीच्या एप्रिलमधल्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या, याची नोंद आहे. जखमेच्या पगाराला मात्र आणखी वेळ लागला. 1923 मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. दिल्लीच्या कायदेमंडळात त्या काळी कामगारांची बाजू मांडायला आपल्या कोकणातले ना. म. जोशी होते. या कायद्यानं कामावरच्या अपघाताची जबाबदारी मालकावर आली. काम बंद असलेल्या काळात ठरावीक रक्कम मिळायची सोय झाली, पण ती पगाराच्या निम्म्याच्या आसपास होती आणि अनेकदा भांडून घ्यावी लागे.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला. आपण त्याला ईएसआय म्हणतो. यात मालक आणि कामगार दोघंही दरमहा वर्गणी भरतात. कामावर अपघात झाला आणि डॉक्टरांनी काम बंद ठेवायला लिहून दिलं, तर त्या काळात पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते आणि उपचारही होतात. अपघाताच्या बाबतीत किती महिने वर्गणी भरली हे बघितलं जात नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो. 1884 मध्ये मागितलेलं 'बरा होईपर्यंत' इथं बऱ्याच अंशी कागदावर आलं. 2020 मध्ये हे जुने कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षा संहिता संमत झाली, म्हणून आज नेमका कोणता नियम लागू आहे हे ईएसआयच्या कचेरीत विचारून घ्यावं.

ज्यांना थांबताच येत नाही

कागद आणि घर यांच्यामध्ये मात्र ठेकेदार उभा असतो. ठेक्यावरच्या कितीतरी मुलांना आपलं ईएसआय कापलं जातं की नाही हेच ठाऊक नसतं. अपघात झाला की "घरी पडलो असं सांग, बिल आम्ही बघतो" असं सांगितलं जातं. पहिलं बिल भरलं जातं. पुढच्या सहा आठवड्यांचं कुणी बघत नाही. अपघाताची नोंद नाही, म्हणजे हक्क सांगायला पुरावा नाही. मग मुलगा व्यायाम सोडून, पट्टा बांधून पुन्हा कामावर जातो.

ऊसतोडीच्या बायकांचं तर त्याहून अवघड. उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीचा किंवा अंगावरून जाण्याचा त्रास औषधानं बरा करायला दिवस लागतात, आणि दिवस म्हणजे खाडा. पिशवीचा आणि गुडघ्याचा आजार वेगळा आहे, पण अडचण एकच. ज्याला थांबायची सोय नाही, त्याच्यापुढं घाईचं ऑपरेशन किंवा दुखणं अंगावर काढणं, एवढंच उरतं.

शेतात, गुऱ्हाळावर, घरात पडून आपला खांदा किंवा गुडघा गेला, तर त्याला 'कामावरचा अपघात' म्हणायची रीतच नाही. धुण्याची बादली आणि शेणाची पाटी उचलणाऱ्या बाईला डॉक्टरांनी सहा आठवडे व्यायाम सांगितला, तर तिच्या वाटचं काम कोण करणार, हे विचारणारा कायदा अजून झालेला नाही. घरातल्या पुरुषाचे पाय उचलताना आकडे मोजायला आपण बसतो. आपले मोजायला कोण बसतं?

गटानं काय करायचं?

ऑपरेशनसाठी कर्ज हवं म्हणून बाई गटाकडं येते, तेव्हा हप्ता ठरवायच्या आधी चार गोष्टी विचारा.

पहिली, हे ऑपरेशन तातडीचं आहे की थांबता येतं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारलं का? दुसरी, आधी व्यायाम करायचा असेल, तर फिजिओथेरपिस्टनं तो लिहून आणि करून दाखवला का? तिसरी, कामावर लागलं असेल, तर अपघाताची लेखी नोंद झाली का? पगाराच्या पावतीत ईएसआय दिसतं का? डॉक्टरांचा 'काम बंद'चा कागद घेतला का? चौथी, सरकारी योजना पाहिली का? महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बरीच ऑपरेशनं होतात, पण प्रत्येक दवाखाना आणि प्रत्येक ऑपरेशन त्यात नसतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटायचं.

आणि शक्य असेल तर कर्जाची एक वेगळी ओळ ठेवा. ऑपरेशनच्या खर्चासाठी आपण कर्ज देतो. ऑपरेशनआधीच्या सहा आठवड्यांच्या घरखर्चासाठी लहान रक्कम का देऊ नये? काही घरांत तेवढ्यानं व्यायाम पुरा होईल आणि एखाद्या घरात डॉक्टर तपासून म्हणतीलही, की आता ऑपरेशनची घाई नाही.

पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या ठेक्यावर कामाला जाणाऱ्यांची नावं एका वहीत लिहा आणि प्रत्येकाच्या नावापुढं ईएसआय आहे की नाही ते विचारून मांडा. अपघात झाल्यावर ही माहिती शोधत बसण्यापेक्षा आज शोधलेली बरी. आपल्या गावात किती नावांपुढं 'नाही' लिहावं लागलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आपण त्यावर बोलू.